‘द्या काय द्यायचं ते’ म्हणणं आधी बंद करा

ताई, नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, वय २९. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केला. आठ वर्षांपासून एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे, पगार २२,००० रुपये. संध्याकाळी आणि रविवारी घरासमोरच्या मोकळ्या जागेत कॉलनीतल्या गाड्या दुरुस्त करतो. सगळं रोखीचं, बिल नाही. तासाला १०० रुपये धरतो, कारण पगाराचा हिशेब केला तर माझा तास तेवढ्यालाच पडतो. पण तेही मागायला जीभ उचलत नाही. ‘द्या काय द्यायचं ते’ असं तोंडातून निघून जातं.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकांच्या छोट्या गाडीची क्लच प्लेट बदलून दिली. पूर्ण रविवार गेला, सात तास. काकांनी ५०० रुपये दिले, अन् वरून म्हणाले, “बोल्टच तर खोलले आणि लावले, बाबू.” याच कामाची मजुरी आमच्या वर्कशॉपला २,६०० लागते. आता तीन आठवड्यांनी काका म्हणतात, गाडी जागेवरून उचलताना थरथरते, पाहून दे. फुकट पाहून दे, हे वेगळं सांगायला नको. बायको म्हणते, बंद करा हे, हात धुवायच्या साबणाचेही पैसे निघत नाहीत. पार्टच्या दुकानदाराकडून थोडं कमिशन सुटतं, आणि कधीकधी शनिवारी वर्कशॉपचा, गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर घरी आणतो, म्हणून चाललं आहे.

तासाचा योग्य भाव किती? आणि रोख घेतो म्हणून कमी घ्यायला पाहिजे का?

— एक मेकॅनिक

भाऊ, बायकोचं बरोबर आहे. फक्त तिनं साबणावर थांबायला नको होतं.

माझ्या बाबांचं कामठी रोडच्या आतल्या गल्लीत गॅरेज होतं. कॉलेजात असल्यापासून ते गॅरेज बंद होईपर्यंत बिलबुक माझ्याकडे. पाना कधी हातात धरला नाही, पण मजुरी कुठे कुठे गळते हे मी एकोणीस वर्षं रोज पाहिलं आहे. तेव्हा तुमचा हिशेब मी वहीवाल्या बाईसारखाच करते.

२२,००० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास. तासाला १०६ रुपये. तुमचे १०० इथून आले, आणि चूकही इथेच झाली. हे १०६ फक्त तुमच्या हातांचे आहेत. वर्कशॉपचं छप्पर, लिफ्ट, कॉम्प्रेसर, लाईट, ग्रीस, चिंध्या, पार्ट आणून देणारा पोऱ्या, आणि गाडी परत आली तर बसणारा फटका, हे सगळं तिथे मालकाच्या खिशातून जातं. घरासमोर मालक कोण? तुम्हीच. पण मालकाचा खर्च तुम्ही धरलाच नाही.

तो आता धरू. आकडे मी अंदाजाने घेते, तुमचे तुम्ही बसवा. पाने, सॉकेट सेट, जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), ट्रॉली जॅक मिळून ६०,००० ची हत्यारं असतील आणि ती चार वर्षं चालतील, तर महिन्याला १,२५० झाले. गंज सोडवायचा स्प्रे, ब्रेक क्लीनर, ग्रीस, हातमोजे, चिंध्या आणि तो साबण, ९००. लाईट ३००. पार्ट आणायला गाडीचं पेट्रोल आणि फोन, १,०००. काम परत आलं तर त्यासाठी बाजूला ठेवायचे १,०००. बेरीज ४,४५०.

आता तास. आठवड्यात चार संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारचे सात म्हणजे पंधरा, महिन्याचे साठ. पण या साठातले पैसे मिळण्यासारखे किती? पार्टसाठी दोन चकरा, चुकीचा पार्ट आला म्हणून तिसरी, गाडी चालवून पाहणं, अंगण धुणं, ‘नुसतं जरा ऐकून सांग, कुठून आवाज येते’ वाले लोक. हे काढलं तर चाळीस उरतील. ४,४५० भागिले ४० म्हणजे १११ रुपये. हा फक्त खर्च झाला, तुमची मजुरी यात अजून आलीच नाही. तुम्ही शंभरनं काम करता म्हणजे प्रत्येक तासाला अकरा रुपये स्वतःच्या खिशातून घालता, आणि वर रविवार जातो तो वेगळाच. काकांच्या क्लचमध्ये तर तेही मिळाले नाहीत. सात तासांचे ५०० म्हणजे तासाला ७१.

मजुरी आता. साठही तास तुम्ही राबता, म्हणून साठांचीच धरायची आणि ती चाळिसांत वसूल करायची. पगाराच्याच भावानं धरली तर ६,३६०, म्हणजे तासाला १५९. त्यात खर्चाचे १११ मिळवले की २७० होतात. याच्या खाली उतरलात तर तो धंदा नाही, छंद आहे. छंद असायला हरकत नाही, पण मग बायकोला तसं सांगा.

पण हे तास तुमच्या आठ तासांच्या नोकरीनंतरचे आहेत. कारखान्यात ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबवलं तर कामगाराला दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात, कामगार कायदाच तसा आहे. तोच न्याय स्वतःला लावा. २१२ रुपयांनी साठ तासांचे १२,७२०, चाळिसांत वाटले तर ३१८. अधिक १११. झाले ४२९. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तासाला ४३०. २७० ही तळाची रेघ.

आता एक गंमत ऐका. हा ४३० चा आकडा गिऱ्हाइकाला कधीच सांगायचा नाही.

लपवायचा म्हणून नव्हे. तासाचा भाव ऐकला की माणूस घड्याळाकडे पाहायला लागतो. तुम्ही चहाला थांबलात की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तुम्ही पटकन काम उरकलंत तर त्याला वाटतं आपल्याला लुबाडलं. बाबांनी तासाचा भाव एकदाच सांगून पाहिला होता. तो गृहस्थ खुर्ची टाकून समोर बसला आणि दर पंधरा मिनिटांनी ‘झालं का?’ विचारू लागला. तुमच्या वर्कशॉपमध्ये कसं असतं ते आठवा. प्रत्येक कामाचे कंपनीनं ठरवलेले तास असतात, त्यावरून जॉबकार्डवर मजुरी लागते. तुम्ही ते तीन तासांत केलं की पाचांत, गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. तुम्हीही तेच करा. मनात तास, तोंडात कामाची रक्कम.

क्लचचे ठरलेले तास समजा चार आहेत. चार गुणिले ४३०, सुमारे १,७०० रुपये. तुम्हाला सात लागले, कारण लिफ्ट नाही आणि गिअरबॉक्स पोटावर झेलून उतरवावा लागला. त्या तीन तासांचे पैसे काकांकडून मागायचे नाहीत. लिफ्ट नसणं ही तुमची अडचण, त्यांची नव्हे. तुम्ही पहिल्यांदाच एखादं मॉडेल खोललं आणि क्लिपा शोधण्यात तास गेला, तो शिकण्याचा तास, तोही तुमचाच. पण सायलेन्सरचा बोल्ट गंजून मुंडी तुटली, तो ड्रिल करून काढावा लागला, तर ते गाडीचं दुखणं आहे. त्याचे वेगळे. फक्त ते आधी बोलून ठेवायचं: “मजुरी १,७००. गंजलेले बोल्ट तुटले तर त्याचं वेगळं लागेल, पण तुटल्याबरोबर तुम्हाला फोन करीन.” फोन करायचाच. काम झाल्यावर सांगितलेला जादा खर्च माणूस देतो, पण पुन्हा येत नाही.

रोखीचं विचारलंत. लोकांच्या डोक्यात असं असतं की पावती नाही म्हणजे टॅक्स नाही, म्हणजे वाचलेलं दोघांत वाटून घ्यायचं. तुमच्या बाबतीत वाटून घ्यायला काही उरतच नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्यानं जीएसटी घ्यायचाच नसतो. वर्कशॉपला काकांना २,६०० वर १८ टक्के, म्हणजे ४६८ आणखी लागले असते. एकूण ३,०६८. तुमच्याकडे १,७००. काकांचे १,३६८ रुपये आधीच वाचले, आणखी कशासाठी सूट? नोट काही फोनमधल्या पैशापेक्षा जास्त किमतीची नसते. ‘कॅश देतो, पाहून घे जरा’ म्हणणाऱ्याला हसून सांगा, “काका, हा भाव कॅशचाच आहे.”

आणि रोख घेणं हा गुन्हा नाही, रोख मिळालेलं उत्पन्न दडवणं हा आहे. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सध्या कर भरावा लागत नाही. तुमचा पगार आणि हे काम मिळून तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. म्हणजे लपवून वाचत काहीच नाही. उलट लिहून ठेवलं तर उद्या कामाला येईल. सीताबर्डीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात कार्बनचं बिलबुक मिळतं, ते आणा. गाडीचा नंबर, किलोमीटर, काय केलं, मजुरी, पार्ट, तारीख. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाईन होते, तिला पैसे लागत नाहीत. चार वर्षांनी तुम्हाला लिफ्ट घ्यायची असेल आणि मुद्रा कर्जाला बँकेत गेलात (किशोर गटात ५०,००० ते ५ लाखांपर्यंत मिळतं), तर मॅनेजर विचारील, धंदा कुठे दिसतो? तिथे ‘साहेब, सगळं कॅशमध्ये आहे’ म्हणून भागत नाही.

बिलबुकाचा दुसरा उपयोग वाद झाल्यावर कळतो. पावती दिली नाही म्हणून तुमची जबाबदारी जात नाही. पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक कायदा लागतोच, मग दुकानावर पाटी असो की नसो. पावती नसेल तर तुम्ही काय केलं नव्हतं हे सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही, एवढंच.

आता कमिशन. हे वाचून तुम्हाला राग येईल, पण बोलते. तुमचा भाव १०० राहण्याचं एक कारण हे कमिशन आहे. मजुरी मागायची लाज वाटते, म्हणून ती पार्टमधून गुपचूप काढायची. मग हळूहळू काय होतं, मी पाहिलं आहे. बाबांकडे एक चांगला हात असलेला मिस्त्री होता. त्याला मजुरीत काही सुटत नव्हतं, पार्टमध्ये सुटत होतं. वर्षभरात त्याला सगळ्याच गाड्यांचे शॉकअप गेलेले दिसायला लागले. तो लबाड नव्हता हो. पण ज्या बाजूनं पैसा येतो त्या बाजूला डोळा वळतोच. ब्रेक पॅड अजून १०,००० किलोमीटर चालतील हे सांगायला ज्याला मजुरी मिळते, तोच ते सांगू शकतो.

म्हणून दोनांपैकी एक करा. गिऱ्हाइकाला पार्टचं नाव लिहून द्या, तो स्वतः आणील. तेव्हा स्पष्ट सांगायचं की माझ्या कामाची गॅरंटी माझी, पार्टची दुकानदाराची. पार्ट खराब निघून पुन्हा खोलावं लागलं तर मजुरी पुन्हा. नाहीतर तुम्ही आणा, दुकानाचं पक्कं बिल त्यांच्या हातात द्या, आणि आणण्याचे, परत करण्याचे, चुकीचा आला तर बदलण्याचे ठरावीक पैसे उघडपणे लावा. जुना पार्ट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवायचा. तो त्यांचा आहे. काकांना त्यांची घासलेली क्लच प्लेट दाखवली होती का? दाखवली असती तर ‘बोल्टच तर खोलले’ हे वाक्य निम्मं तरी गिळलं असतं.

स्कॅनर. भाऊ, तो सोमवारी परत जातो हे मला माहीत आहे. तरी नाही. मालकाचं हत्यार घरी नेऊन मालकाच्याच धंद्याची कामं करताय, आणि एक दिवस तो स्कॅनर तुमच्या हातून पडला की आठ वर्षांची नोकरी आणि नाव दोन्ही जाईल. तुमच्या नेमणूकपत्रात बाहेर काम करायला मनाई आहे का, तेही काढून वाचा. बहुतेकांनी ते सही केल्यापासून उघडलेलं नसतं. मनाई असेल तर वरिष्ठांशी बोला. आणि वर्कशॉपला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘घरी या, स्वस्तात करून देतो’ असं कधी म्हणू नका. कॉलनीतला माणूस वेगळा, कंपनीच्या दारातून उचललेला वेगळा. साधा ओबीडी रीडर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) स्वतःचा घ्या आणि हत्यारांच्या ६०,००० मध्ये मिळवा.

रीडरवरून आठवलं. तुमच्या वीस बुडणाऱ्या तासांतले सर्वात महागडे तास ‘पाहून दे’ चे आहेत. आपल्याकडे हात काळे झाले तरच काम झालं असं लोक मानतात. एका मे महिन्यात बाबांकडे एक गाडी आली. तक्रार अशी की वर्धा रोडला पळताना एसी थंड, सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा. आधीच्या गॅरेजनं कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं होतं. पळताना थंड होते म्हणजे कॉम्प्रेसर ठीक आहे, समोरून वारा लागला की कंडेन्सर थंड होतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा फिरत नव्हता, फ्यूज उडाला होता. पंखा कशात अडकत होता ते बाबांनी शोधलं, तो मोकळा केला, फ्यूज बदलला. अर्धा-पाऊण तास. आणि घेतले किती? फ्यूजचे दहा रुपये. त्या माणसानं अख्ख्या ऑफिसात सांगितलं की कामठी रोडला दहा रुपयांत एसी होतो. तो पूर्ण उन्हाळा आमच्याकडे दहा रुपयेवाल्यांची रांग होती, अन् ज्याला खरंच गॅस भरायला पैसे सांगितले तो बाबांना चोर समजून गेला.

तेव्हा पाहण्याचे पैसे लावा. अर्ध्या तासाचे २००. काम तुमच्याकडेच केलं तर त्यातून वळते करा. कॉलनीत पहिला महिना लोक नाक मुरडतील. मुरडू द्या. अर्धे ‘आवाज ऐकून सांग’ वाले तिथेच गळतील आणि तुमचे सात-आठ तास मोकळे होतील. तितके तास कामाचे झाले की भाव ४३० वरून थोडा खाली आणायलाही जागा होते, हिशेब पुन्हा मांडून पाहा.

नात्यातल्यांचं काय? माझ्या मते भाव दोनच: पूर्ण आणि फुकट. अर्ध्या भावात तुम्ही कुढता आणि समोरच्याला वाटतं त्यानं पैसे दिले आहेत. सासरे, बहीण, ज्या मास्तरांनी आयटीआयची फी भरली होती ते, अशी चार-पाच नावं मनात ठेवा, त्यांचं फुकट. पण बिल तरी पूर्ण फाडा. मजुरी १,७००, सूट १,७००, द्यायचे शून्य. तुम्ही किती दिलं हे त्यांना कळू दे. बाकी सगळे पूर्ण भाव. रात्री अकराला कोणी हिंगणा रोडला बंद पडला म्हणून बोलावलं तर जाण्यायेण्याचे वेगळे घ्या, ते हक्काचे आहेत. पण बायका-पोरं गाडीत बसली आहेत हे पाहून तिप्पट सांगू नका. अडला हरी गाढवाचे पाय धरतो खरा, पण नंतर त्या गाढवाबद्दल गावभर बोलतो.

एक मात्र भावात बसत नाही. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. घोड्या लावल्याशिवाय ४३० काय, ४,००० मिळाले तरी नाही. बायकोला माझ्या वतीनं सांगा, घोड्या नसतील तर गाडीची चावी लपवून ठेवायची.

आता काका. ५०० रुपयांची तक्रार सोडून द्या. तुम्ही ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणालात, त्यांनी दिलं. सौदा तुम्हीच तसा केला. थरथरण्याचं मात्र पाहायला लागेल, आणि ५०० चा ‘पा’ही न उच्चारता पाहायला लागेल. गिअरबॉक्स उतरवला होता तेव्हा क्रँकच्या मागच्या ऑईल सीलकडे, तेल अडवणाऱ्या त्या रिंगकडे, पाहिलं होतं का? गिअरबॉक्सचं इनपुट सील? फ्लायव्हीलचा पृष्ठभाग? नव्या प्लेटला तेल लागलं की पहिल्या गिअरला गाडी अशीच थरथरते. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे त्याला धरणारा रबरी आधार, फाटलं तरीही तसंच वाटतं, म्हणून आधी ते तपासा, ते खोलावं लागत नाही. माउंटिंग असेल तर ते नवीन काम, नवीन भाव. सील गळत होतं आणि तुम्ही उघडं असताना पाहिलं नाही, तर मजुरी तुमच्या अंगावर. सील आणि प्लेटचे पैसे काकांनी द्यायचे, कारण सील तेव्हाही त्यांनीच आणलं असतं. प्लेटच्या बाबतीत काका कुरकुरले तर निम्मी तुम्ही सोसा. त्यासाठीच ते महिन्याचे १,००० बाजूला काढायचे होते.

माउंटिंग ठीक निघालं तर रविवारी सकाळी सहाच्या आत सुरू करा, नऊनंतर उन्हानं तापलेल्या त्या अंगणातल्या फरशीवर पाठ टेकवणार नाही. काकांना खुर्ची देऊन समोर बसवा. या वेळी बसू द्या. प्लेट निघाली की त्यांच्या हातात द्या, बोट फिरवून पाहू द्या तेल लागतं का. आणि काम झाल्यावर बिलबुकाचं पहिलं पान त्यांच्याच नावानं फाडा: क्लच पुन्हा उघडून सील बदलणे, मजुरी १,७००, सूट १,७००.